पॅरिसची पिशवी

मी मूळची कराडची, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या घरी साडीच्या दुकानाची पिशवीसुद्धा घडी घालून गादीखाली ठेवायची पद्धत, ती सवय घेऊनच मी लग्नानंतर सिंगापूरला आले आणि त्या सवयीनंच माझं नाक कापलं. यांचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, घर सेम्बावांगला, आणि समोरच्या ब्लॉकमध्ये शुभदाताई. माझ्या सावनीच्या वेळी माहेरचं कुणी येऊ शकलं नाही, तर या बाईनं सव्वा महिना मला डिंकाचे लाडू खाऊ घातले, बाळाला न्हाऊमाखू घातलं, ना नात्याच्या ना गोत्याच्या.

तर गेल्या वर्षी आम्ही पॅरिसला गेलो. तिथं एक रस्ता आहे, नुसती बड्या लोकांची दुकानं, एका काचेमागं एकच पर्स, देव मांडावा तशी मांडलेली. मी शिरले आत. तिथल्या मुलीनं बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, मी ती दोनदा घेतली, चार स्कार्फ उलगडायला लावले आणि शेवटी म्हटलं, स्कार्फ राहू दे, एक पिशवी मिळेल का? हे बाहेर जाऊन झाडं बघायला लागले, सावनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आई, सो एम्बॅरसिंग लाह. पण पिशवी मिळाली हो, जाड कागदाची, रेशमी दोरीची.

परत आलो तर ताईंची साठी. इथल्याच लिटल इंडियातून साधासा स्कार्फ आणला आणि घातला त्या पिशवीत. पॅरिसचा आहे असं मी म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. ताईंचे डोळे भरून आले, अगं, एवढं कशाला गं. आठवड्यानं त्याच पिशवीतून आपल्या आईचा चांदीचा करंडा घेऊन आल्या, म्हणाल्या, रिकामी कशी परत करू?

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी करंडा घेऊन गेले, सगळं सांगितलं, रडले. ताईंनी ऐकून घेतलं, चहा टाकला, म्हणाल्या, दिलेलं परत घेत नसतात, राहू दे तुमच्याकडेच.

तुमच्याकडे! पंधरा वर्षं मला अगं म्हणणारी बाई.

आता डबे येतात, जातात, हसणंबोलणं आहे, पण मला अहो म्हणतात. देवळात तोच स्कार्फ घालून येतात, त्यांच्या मनात काही नसेलही, मीच आपली चपला शोधत बसते. करंडा रोज पुसते. त्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी, रागावून का होईना, त्यांच्या तोंडून पुन्हा अगं निघो.