हिरवा ठिपका

हिंजवडीच्या बसची वाट बघत वारज्याला उभा होतो. मागे दोघी बोलत होत्या.

"उत्कर्षा, काय घेतेयस? आठवड्याला चार दिवस ऑफिस, की कायमचं घरून?"

"घरून. राकेशसारखं."

"अगं, राकेश दिवाळीत वारला. मी त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जाऊन आले."

"काहीतरीच काय, शर्मिला! कालच त्यानं माझं काम तपासून पाठवलं."

"मलाही पाठवतो. चॅटवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका जातच नाही."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, काम वेळेवर येतंय ना?"

"मग मी ऑफिसच घेते, बाई."

"थांब. त्याचाच मेसेज आलाय."

"काय म्हणतोय?"

"'उत्कर्षाला म्हणावं, घरूनच घे. मला सोबत होईल.'"