इंटरनेटवरचं फर्मान

तपासणीचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती ऐका. तेव्हा मी नवीन पनवेलच्या एका शाळेत सातवीला मध्ययुगाचा इतिहास शिकवायचे. शाळेत नुकतंच इंटरनेट आलं होतं. परदेशातल्या एका ग्रंथालयाच्या साइटवर मला मुघल काळातलं फारसी फर्मान सापडलं, तेही फुकट आणि इंग्रजी भाषांतरासकट! मी त्याची मोठी प्रिंट काढली आणि तपासणीच्या दिवशी ऐटीत फळ्यावर चिकटवली.

मागे बसलेले तपासणीचे साहेब खूश झाले. "वा मॅडम, अक्षर काय सुंदर आहे!"

एवढ्यात दुसऱ्या बाकावरची रुखसार उभी राहिली. "मॅडम, कागद उलटा लागलाय."

सगळा वर्ग हसला. साहेब चष्मा पुसायला लागले. माझे कान तापले, पण मी कागद फिरवला आणि तिलाच विचारलं, "तुला वाचता येतं?"

"फारसी नाही येत, मॅडम. पण अक्षरं आमच्या उर्दूसारखीच आहेत." ती पुढे आली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत म्हणाली, "जमीन... बाग... इनाम."

मी भाषांतर पाहिलं. तिन्ही शब्द बरोबर होते.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला यातलं काहीच वाचता येत नाही?"

"नाही सर," मी म्हटलं, "पण आज शिकणार आहे."

आणि रुखसारच्या हातात खडू देऊन मी तिच्या जागेवर जाऊन बसले.