कोसाराची परात

समारंभाचे अध्यक्ष कॉम्रेड राडिवोये, मुख्याध्यापिका देसिमिर्काबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती लेपोसावाबाई, शिक्षक सहकारी आणि पालकहो,

लेपोसावाबाई आज शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होत आहेत. त्यांच्या हातच्या घेवड्याच्या रश्शावर बोलायचं मी ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून बजावलं, "माझं कौतुक नको. ते बेकरीतलं सांग. आणि सजवू नकोस, तुला ती खोड आहे." मी इतिहास शिकवतो. खोड आहे, हे मान्य. म्हणून जसं ऐकलं तसंच सांगतो.

चव्वेचाळीस सालचा ईस्टर. बेलग्रेड जर्मनांच्या ताब्यात. शहरातल्या दोर्चोल भागात बाईंच्या वडिलांची बेकरी होती. सणाची परात भाजायला बेकरीत नेऊन द्यायची, ही आपली जुनी रीत. त्या वर्षी परातींत बटाटेच जास्त, मटणाचा तुकडा नावापुरता. बाईंची धाकटी बहीण कोसारा स्टेशनजवळ दिलेली. तीही आपली परात घेऊन आली.

"लेपा, माझी मागे ढकलू नकोस हं. नवरा भुकेला असला की सासूसारखा बोलतो."

"मग सासूलाच पाठव परात न्यायला."

"तिला पाठवलं तर वाटेतच अर्धी संपेल," असं म्हणून कोसारा हसत घरी गेली.

थोड्या वेळानं भोंगा वाजला. तळघरात कुणी गेलं नाही. का जावं? विमानं मित्रराष्ट्रांची होती. ती नेहमी आपल्या डोक्यावरून रुमानियाकडे, तिथल्या तेलविहिरींवर बॉम्ब टाकायला जात. लोक रस्त्यावर येऊन हात हलवू लागले. बेकरीच्या रांगेतलं कुणी म्हणालं, "रुमानियाला जेवण वाढायला निघाले वाटतं!" सगळे हसले. हे हसणं मुलांना शिकवावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाठ्यपुस्तकात या बॉम्बहल्ल्याला एक ओळ आहे. तीत ते बसत नाही.

मग त्याच विमानांतून आपल्यावर बॉम्ब पडले. बेकरी तेवढी उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत काही परातींचे मालक आले, काहींचे आले नाहीत. ज्यांचं सगळंच गेलं होतं, असे लोक दाराशी जमले. गेलेल्या माणसाच्या नावानं आपण अन्न वाटतो आणि खाणारा म्हणतो, "देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो." स्तामेना धोबिणीचं घर जमीनदोस्त झाल्याची बातमी आली, तेव्हा बाईंनी मेणबत्ती लावली आणि स्तामेनाची परात वाटून टाकली. सगळ्यांनी ते वाक्य म्हटलं. परात पुसली जात असतानाच दारात स्तामेना उभी. केसांत चुना.

"माझी परात कुठाय गं?"

"स्तामेनाबाई! अहो, तुम्ही तर गेलात ना?"

"गेले होते, जावेकडे. मेले नव्हते. आणि खाऊनसुद्धा झालं? मीठ तरी बरोबर होतं का?"

इथे मला दर वेळी हसू येतं. आपण कशाला हसतो आहोत, असं मग वाटत राहतं.

त्यानंतर बाईंनी एकाही परातीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विमानं आली. उरलेल्या पराती ज्यांच्या त्यांच्या नातलगांनी नेल्या. राहिली ती कोसाराची. ढिगाऱ्यातून तिच्या नवऱ्याला काढलं, सासूला काढलं. ती सापडली नाही.

वडील म्हणाले, "पोरी, दे आता. अन्न नासतंय, आणि माणसं उपाशी उभी आहेत."

"ती येईल, बाबा. मी वाटली, तर मीच तिला मारल्यासारखं होईल."

परात मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. वडिलांचंही ऐकेनात. शेवटी स्तामेना आली आणि समोर बसली.

"माझी वाटलीस, मी आले ना? मग तिचीही वाट. कोण जाणे, भांडायला तरी येईल." आणि लोकांकडे वळून म्हणाली, "आत्म्याबित्म्याचं इथे कुणी बोलायचं नाही. तोंड उघडायचं ते खायला."

लोकांनी मुकाट्यानं खाल्लं. त्या गप्प बसण्याला आशा म्हणावं की फसवणूक? बाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बटाटे आंबायला लागले होते, एवढं आठवतं."

कोसारा आली नाही. तिच्यासाठी ते वाक्य त्या दिवशी राहिलं, ते राहिलंच. बाई मला म्हणाल्या, "दर ईस्टरला वाटायचं, पुढच्या वर्षी म्हणू. आता मी साठीची झाले, ती बाविशीतच आहे. मी गेल्यावर तिच्यासाठी कोण म्हणणार?"

शाळा-मंडळानं बाईंना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलंय. बाई आभारी आहेत, पण त्यांचं मागणं निराळं आहे. शेजारच्या खोलीत जेवण मांडलंय, त्यात बटाट्यांची एक परात कोसाराच्या नावाची आहे. पहिला घास घेण्याआधी सगळ्यांनी ते वाक्य म्हणावं, इतकंच. अध्यक्ष महाराज, ही सरकारी शाळा आहे आणि इथे देवाधर्माचं काही बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आपल्याला ऐकू आलं नाही असं समजा. जेवायला मात्र बसा.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. सांगण्यात जे चुकलं ते माझं समजून पोटात घाला. लेपोसावाबाई, उठा, चला. मीच सुरुवात करतो.

देव कोसाराच्या आत्म्याला क्षमा करो.