पोस्टरवरचं नाव

हॅलो?… हो काका, एबिएरेच. थांबा, जनरेटर धडधडतोय, बाहेर येते… हं, बोला.

नाही, दफनाची पोस्टरं अजून छापली नाहीत. येनागोआच्या छापखान्यातच उभी आहे. बाबांचा फोटो लागलाय, नाव तेवढं राहिलंय…

कुणी सांगितलं? कंत्राटदाराच्या ऑफिसनं?… शनिवारी दफनाला माणूस पाठवणार. आणि तो पोस्टर बघणार?… म्हणजे त्यावर तुमचं नाव हवं. दूबारा.

काका, तुम्ही जिवंत आहात.

…नाही, थट्टा नाही करत.

हो, ठाऊक आहे. शाळेचा दाखला तुमच्याकडे होता, बाबांकडे नव्हता. तुमच्या दाखल्यावर ते तेलविहिरीवर लागले आणि एकोणीस वर्षं दूबारा म्हणून राबले. दूबारा म्हणूनच पाइपखाली गेले… तुम्हाला कुठे दोष देतेय?

भरपाई किती देतायत?… दोन वर्षांचा पगार. 'चांगले पैसे'?… अहो, बाबांच्या शेजारी तोच पाइप उचलणाऱ्या कायम माणसाला डॉलरच्या भावानं पगार मिळतो. बाबांना आपल्या नायरात. तेल महागलं की 'पुढच्या वर्षी बघू', उतरलं की लगेच कपात. कायम करायला नको म्हणून दर सहा महिन्यांनी नवा कागद… काका, सुरुवातीला त्यांच्या महिन्याच्या पगारात तांदळाची सात पोती यायची. यंदा दीड.

भाषण नाही देत. चांगले म्हणालात, म्हणून बोलले.

आईशी बोललात?… 'एबिएरेला विचारा.' हं. वाटलंच… धाकट्या इनेमोच्या फीचं मला नका सांगू. दोन वर्षं मीच भरतेय.

ऐका ना… ऐका. एकच विचारते. शनिवारी तुम्ही कुठे असाल?… आतल्या खोलीत? दार लावून?… मग त्यापेक्षा एबिकेमे म्हणूनच या. बाबांचं नाव लावून बाबांनाच पुरायला या. त्या ऑफिसच्या माणसाला आपण सगळे सारखेच दिसतो.

…ओरडू नका, काका.

पहिली माती कुणी टाकायची? भावानंच ना?… आणि बायका नाव घेऊन रडतील, तेव्हा कुणाचं घेतील? आत्यांना पढवून ठेवलंत?… आजीला कोण सांगणार? तुम्ही सांगाल? कुठल्या मुलासाठी रडायचं ते?

…

हॅलो?… काका?… आहात ना?

…रडा. मी थांबते.

…

काय? परत सांगा, नीट ऐकू नाही आलं… नक्की?… एक नायरा मिळणार नाही, काका. दाखल्याचं प्रकरण तुमच्यावर शेकेल, ते वेगळंच… 'बघून घेईन' म्हणजे काय बघाल?… बरं. वकिलाकडे मी येते तुमच्याबरोबर. सोमवारी… नाही, एकट्यानं जायचं नाही.

थांबा हं, फोन ठेवू नका. छापखानेवाले विचारतायत…

हो दादा, लिहा. एबिकेमे… नाही, उर्फ काही नाही. एवढंच. आणि खाली, मागे राहिलेले… पहिलं नाव लिहा, धाकटे बंधू दूबारा.

…ऐकलंत ना, काका?… ठेवते.