बंद केलेला मेन

१४ मार्च २०२४, सकाळी ११.१०. जे. पी. नगरातील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर तीनच माणसे होती. त्यांतील सत्यनारायणांच्या कानी शेजारच्या मायलेकांचे बोलणे पडत होते.

“सुधींद्र, तुझे अप्पा घरात कोसळल्यावर तू सोसायटीच्या गेटवरचं हृदयाला शॉक द्यायचं यंत्र आणलंस, आणि मी घरातल्या विजेचा मेन बंद केला.”

“कशाला, अम्मा?”

“करंटचं काम काढलं की अप्पा आधी मेन बंद करायला लावतात. त्यानं शॉक कमी बसला का रे?”

“ते यंत्र बॅटरीवर चालतं.”

“पण शॉकनंतरही ते निपचितच होते. आपणच हृदय थांबवलं का?”

“क्षणभर थांबवायचंच असतं. ते नुसतं थरथरत होतं, रक्त ढकलत नव्हतं. थरथर थांबली की ते आपली लय आपण धरू शकतं.”

“आणि नाही धरली तर?”

तेवढ्यात परिचारिकेने दार उघडले.

“अम्मा, स्वल्प, जरा आत या. ठोके नियमित आहेत. मिनिटाला बहात्तर.”