हवा कुणाची?

...दोनच अक्षरं हो! 'हवामान'मधला 'मान' तेवढा गाळला मी, तोही फ्लेक्सवर जागा पुरेना म्हणून, आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून जो भेटतो तो, दूध घालायला आलेला, एसटीत शेजारी बसलेला, देवळात प्रदक्षिणा घालता घालता थांबलेला, मला एकच विचारतो, "काय ताई, हवा कुणाची?" अरे कुणाची म्हणजे? हवेला काय सातबारा असतो?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर उद्या तुम्हीही तेच विचाराल. मी यामिनी. पारनेर तालुक्यातल्या खडकदऱ्याच्या देशपांडे गुरुजींची मुलगी. जर्मनीत चार वर्षं हवामानशास्त्र शिकले आणि परत आले, कारण तिकडे हवामान बदलावर परिषदा होतात आणि इकडे हवामान बदल होतो! हे वाक्य मी विमानात तयार केलं होतं. कुठे वापरताच आलं नाही, म्हणून तुम्हाला ऐकवलं. गावात पाऊल टाकलं तर छबूबाई, म्हणजे आमच्या बांधाला बांध लागून ज्यांचं शेत आहे त्या, पहिलं काय म्हणाल्या? "जर्मनला हुतीस म्हन? मग पातेली आनलीस का?" कारण आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात! चार वर्षांची पदवी आणि गावात माझी किंमत एका पातेल्याची. हसू नका. पुढे पातेलंच कामाला आलं, पदवी नाही.

तर झालं काय, गेल्या सप्टेंबरात आमच्या गावावर ढग फुटला. दोन तासांत छबूबाईंच्या अंगणातलं जर्मनचं पातेलं काठोकाठ भरलं, आणि शेतातला कांदा, नुसता कांदा नाही हो, कांद्याखालची माती वाहून गेली! हातभर माती! खाली मुरूम उघडा पडला, टकलासारखा. आणि सरकारी कागदावर पाऊस किती? अकरा मिलिमीटर! कारण पाऊस मोजायचं यंत्र आमच्या गावात नाहीच, ते डोंगरापलीकडे, महसूल मंडळाच्या गावाला, चौदा किलोमीटरवर. पासष्ट मिलिमीटर झाला तर ती अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी असेल तरच पंचनामा. तहसीलचे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काही झालेलं नाही. कागद बघा." छबूबाई म्हणाल्या, "मंग सायेब, कांदा बी कागदावरच लावू का?"

मी पेटले! म्हटलं, छबूबाई, आपल्या गावाला यंत्र मिळवून देते, माझा शब्द. आम्हाला शिकवलंय तसं. त्याची आकृतीच आहे बाणांसकट. माध्यमं, बाण, लोक, बाण, सरकार! माध्यमांनी विषय उचलला की लोक उठतात, लोक उठले की सरकार हलतं. इतकं सोपं. जर्मनीत तर ही आकृती रंगीत होती.

म्हणून नगरला पत्रकार परिषद घेतली. आले तीन. एक साबुदाणा वड्यासाठी, दुसरा पहिल्याला गाडीवरून सोडायला, आणि तिसरा कानिफनाथ. हा आमच्याच गावचा, 'नगरी दणका लाईव्ह' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवतो, म्हणजे एक मोबाईल, एक बूम माईक आणि सगळ्या जगाची उलटतपासणी घेतल्यासारखा चेहरा. मी बेचाळीस स्लाइड दाखवल्या! तीस वर्षांचा पाऊस, तीस वर्षांचं तापमान, लाल रेघ, निळी रेघ... बेचाळिसावी संपली आणि कानिफनाथ म्हणाला, "ताई, समदं बराबर हाय. पन ह्यात भांडन कुटंय?"

"भांडण नाही. पाऊस आहे."

"मग बातमी न्हाई. पाऊस बाईट देतो व्हय? कुनाचं तरी नाव घ्या की!"

म्हटलं, लोक जमले तर दाखवशील? म्हणाला, "लोक जमले तर म्हस व्यालेली बी दाखवीन. तुमी फ्लेक्स लावा."

गेले फ्लेक्सच्या दुकानात. मजकूर दिला, 'हवामान बदलतंय! आता गप्प बसायचं नाही! रविवारी सकाळी दहा, ग्रामपंचायतीसमोर.' दुकानदार म्हणाला, "अक्षरं मोठी पाहिजेत तर 'मान' काढा." काढला! मीच काढला माझ्या तोंडाने! हवामानातला मान गेला की उरणार काय हो? हवा! 'हवा बदलतेय!' मग म्हणतो, "फोटो कुणाचा?" म्हटलं, कुणाचाच नाही. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू काही मी मीठ न घालता भाजी मागितली. "ताई, दशक्रियेच्या फ्लेक्सवर पण फोटो असतो!" शेवटी स्वतःच्याच मनाने वर एक मोठा पांढरा गोल सोडला. "ऱ्हाऊ द्या. ठरलं की चिकटवा."

ठरलं की! आता तुम्हीच सांगा, निवडणुकीचे वारे वाहू लागलेले, चौकात फ्लेक्स, त्यावर 'हवा बदलतेय', आणि चेहऱ्याच्या जागी रिकामा गोल! दोन दिवसांत पार काष्टीच्या बाजारापर्यंत चर्चा. "कोन फुटलं?" "गोलात कोन बसनार?" "वरनं निरोप आलाय म्हन!" "ते असू दे, पर हवा कुनाची?" अहो, माझे वडील, छत्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलेला माणूस, रात्रीच्या जेवणात भाकरीचा तुकडा हातात धरून हळूच म्हणतात, "यामिनी, घरात तरी सांग. हवा कुणाची आहे?"

रविवारी ग्रामपंचायतीसमोर पाय ठेवायला जागा नाही! सात चॅनेलं, सात बूम, बांधावर, टेम्पोवर, टाकीवर माणसं... आणि माझे डोळे भरून आले हो, खरं सांगते, मला वाटलं, गाव जागं झालं! पहिल्या रांगेत कोण, तर रामहरी आप्पा, आमच्या जिल्हा परिषद गटाचे पुढारी, तीन गाड्या घेऊन, त्या गोलात आपण नाही तर मग कोण, एवढं बघायला. मी माईक धरला. "मित्रहो, वातावरणातला कर्बवायू..." मागून आवाज, "नाव सांगा, नाव!" "पृथ्वीचं तापमान दीड अंशानं..." "दीड हजार मतांनी पडतोय का?" सात बूम एकदम माझ्या नाकासमोर, "ताई, एका शब्दात सांगा, हवा कुणाची?"

तेवढ्यात छबूबाई उठल्या. पातेलं घेऊन. स्लाइड नाही, आलेख नाही. पातेलं पुढे धरलं आणि म्हणाल्या, "ह्ये भरलं हुतं. काठापतूर. आन कागद म्हनतो पाऊस झालाच न्हाई. माजी माती गेली. बाकी काय नको, माती गेली एवढं कुनीतरी लिवून घ्या."

तुम्हाला सांगते, सातही बूम पातेल्याकडे वळले. मला वाटलं, हाच तो क्षण, हाच तो बाण! आणि कानिफनाथ म्हणतो, "काकू, उजेड मागनं येतोय, जरा इकडं वळा. आन येकदा परत बोला, रडून."

"रडू कशाला? पाऊस मी पाडला व्हय?"

संपलं! तेवढंच चाललं! 'पाऊस मी पाडला व्हय?' लाखभर लोकांनी बघितलं, त्याचं डीजेवर गाणं झालं, शेवगावला एका लग्नात त्यावर नवरदेवाचा मामा नाचला. पाऊस, माती, यंत्र? कुणाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणतात, "ती पातेलंवाली काकू व्हय? लई भारी!"

पण आप्पांनी ऐकलं ना! मुद्दा नव्हे, आकडा. लाखभर! तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "खडकदऱ्याला पंधरा दिवसांत यंत्र!" आणि आलं! खरंच आलं हो! ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात चकचकीत यंत्र उभं राहिलं. मी जर्मनीला सरांना मेल टाकला, सर, बाण लागला! छबूबाईंनी तर उन्हाळाभर तलावातला गाळ पाटीपाटीनं आणून शेत पुन्हा भरलं. म्हणाल्या, "आता गेली तरी लिवून तर जाईल."

मग उद्घाटन. ऊन फार, म्हणून यंत्रावर मांडव. आणि मांडवावर आप्पांचा फ्लेक्स, एवढा लांब, एवढा लांब, की अर्धा समोर उभा केला आणि उरलेला मागे ओढून त्याचंच छप्पर केलं. समोर 'हवा बदलणारा नेता!' आणि गोलात, माझ्याच त्या गोलात, आप्पा, गॉगल लावून. वर छपरावर शुभेच्छुकांची यादी. कार्यक्रम झाला, खुर्च्या गेल्या, नारळ गेले, फ्लेक्स राहिला!

मी ग्रामसेवकांकडे धावले. "अहो, पाऊस मोजायच्या यंत्रावर छप्पर?"

"मॅडम, उलट यंत्र भिजत नाही."

भिजत नाही! "अहो, काढा तो फ्लेक्स!" म्हणाले, "आचारसंहिता लागली की आपोआप उतरतो." म्हटलं, मग पावसाला कळवू का, आचारसंहितेपर्यंत थांब म्हणून? म्हणाले, "तसा अर्ज करा." तीन अर्ज केले! शेवटी विळा घेऊन स्वतः गेले, तर आप्पांची पोरं आडवी. "ताई, फोटोला हात लावू नका, भावना दुखावत्यात." कानिफनाथला फोन केला, अरे, ही खरी बातमी आहे! तर म्हणतो, "ताई, आप्पांची जाहिरात चालू हाय आपल्याकडं. आन विषय बी शिळा झाला. काय नवीन असलं तर सांगा... म्हंजी हवा कुनाची बिनाची."

आणि जूनमध्ये, भर दुपारी, ढग फुटला. शुभेच्छुकांच्या नावांवरून पाणी असं धो धो घरंगळत होतं, आणि खाली आमचं यंत्र, कोरडं ठणठणीत, लग्नातल्या पाहुण्यासारखं सावलीत उभं! छबूबाईंचं पातेलं भरून वाहिलं. शेतातला गाळ गेला. पाटीपाटीनं आणलेला, सगळा. पुन्हा मुरूम. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावापुढे, आमच्या हक्काच्या, लढून मिळवलेल्या यंत्राची नोंद काय? निरंक! शून्यसुद्धा लिहीत नाहीत हो, निरंक! अरे, मी चळवळ करायच्या आधी निदान अकरा तरी होता!

छबूबाई मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही बोलल्या. पातेलं पालथं केलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "जर्मनचं हाय म्हनून टिकलंय. तू बी टिक."

मुरमावर दोघी उभ्या. आणि तेवढ्यात चिखल तुडवत, बूम पुढे करून कोण, तर कानिफनाथ! "ताई, आचारसंहिता कधीही लागेल, लोकांना जाणून घ्यायचंय, एकच प्रश्न..."

म्हटलं, विचारू नकोस बाबा, लिहूनच घे. हवा आप्पांची. पाणी पातेल्यातलं. आणि पाऊस...?

निरंक!