जॅकेट की विंग

हवेचा सिलिंडर भरून घ्यायला दुकानात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पाणबुड्याशेजारी एक नवरा-बायको पाण्यात तरंगायचं साधन निवडत होते.

“जॅकेट नको गं. फुगलं की पोट आवळतं.”

“पोट तुमचं आणि दोष जॅकेटचा!”

“ही विंग बघ. सगळी हवा पाठीवर, पोट मोकळं.”

“आणि वर आलं की तोंड पाण्यात ढकलते. दुकानदार आत्ताच म्हणाले ना?”

“मान वर ठेवायची, झालं.”

“मागल्या खेपेला वर येऊन चक्कर आली, तेव्हा ती मान कोणी धरली होती?”

“तू.”

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

“आठ दिवस हात उचलत नव्हता माझा.”

“बरं बाई, जॅकेट घेतो, तेच तोंड वर धरेल. मग आता तू नाही येणार?”

“येणार तर! आता हात मोकळा राहील. तेव्हाची एक थोबाडीत द्यायची राहिलीय.”